तिबुरोनची आरोळी

तोरिबियो लॉजच्या व्हरांड्यात स्टुलावर चढून पंखा उतरवत होता आणि कामाच्या वेळी नेहमी घालायचा तीच शीळ घालत होता. खाली एक काळीसावळी बाई पिळलेले कपडे दोरीवर टाकत होती. पक्कड दातांत धरायला त्यानं शीळ अर्ध्यात सोडली, तर पुढची ओळ त्या बाईनं म्हटली. शब्दांसकट.

पक्कड खाली पडली.

त्या गाण्याचे शब्द अख्ख्या तुर्बो बंदरात कुणाला येत नव्हते. तोरिबियोलाही नाही, आणि गाणं तर त्याचं होतं. म्हणजे तबकडी त्याची होती. तरुणपणी केळ्यांच्या जहाजावरच्या एका खलाशाकडून त्यानं ती घेतली, आफ्रिकेतून आलेली. घरी आणल्यावर इथले सगळे स्पीकरवाले करत तेच त्यानंही केलं: मधल्या कागदावरचं गायकाचं नाव खिळ्यानं खरवडून काढलं. नाव दिसलं की दुसरा कुणी तीच तबकडी मागवणार, मग आपल्या स्पीकरला कोण विचारतो? त्याचा स्पीकर कपाटाएवढा, त्यावर जबडा वासलेला शार्क रंगवलेला, म्हणून नाव तिबुरोन, म्हणजे शार्कच. दर रविवारी तो गल्लीत लागे. गाण्याच्या मध्यावर वाद्यं थांबत, गायक काहीतरी बोले, मग गिटार सुटे. नेमका त्या बोलण्यावरच तोरिबियो माइकवर ओरडे, "तिबुरोन!" आणि गल्ली त्याच्या मागून.

नाव खरवडण्याला इथं हुशारी म्हणत. घसा फोडून गाणाऱ्याचं नाव पुसायचं आणि आपल्या लाकडी खोक्याचं लावायचं, ह्याला दुसरा शब्द आहे. तो कुणी वापरत नव्हतं. पुढं त्याच चालींवर इथल्या पोरांनी आपल्या भाषेत गाणी बांधली, चम्पेता म्हणून ती गाजली, आता त्यांत कॉम्प्युटरचे ठोके मिसळतात. मिसळा की. पण ज्याच्या घरचं पीठ आणलं त्याचं नाव तरी घ्या.

तोरिबियोच्या बायकोनं, ओतिलियानं, पहिल्या नाचातच विचारलं होतं, गातोय कोण? तो म्हणाला, तिबुरोन. ती हसली. लग्नानंतर तिनं खरंच विचारलं, तेव्हा बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून त्यानं सांगितलं नाही. पुढं सांगावंसं वाटलं तोवर तो स्वतःच विसरून गेला होता. दोन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या खाटेवरून ती म्हणाली होती, "आता तरी सांग. मी कुणाला सांगणार आहे?" ती गेली. प्रश्न मागं राहिला.

बाईचं नाव बिबीश. कांगोची. ब्राझीलमध्ये काही वर्षं भांडी घासून ती आता उत्तरेकडे निघाली होती, उद्या सकाळच्या बोटीनं खाडी ओलांडून, मग जंगलातून पायी. तिकडून आलेले सगळे तसेच जात. ब्राझीलमधल्या मुक्कामामुळं तिला इथलं तुटकं तुटकं बोलता येई. गाणारा कोण हे तिला ठाऊक नव्हतं. आई कसावाचे कंद कुटताना म्हणायची, एवढंच. तोरिबियो म्हणाला, घरी चल, तबकडी ऐकवतो.

"बाबा, गाणं ऐकवायला घरी बोलावणारे मला प्रत्येक गावात भेटलेत."

लॉजची मालकीण खिदळली. तोरिबियो कानापर्यंत लाल झाला. तो घरी गेला आणि लहान प्लेयर हातगाडीवर घालून तिथंच घेऊन आला.

व्हरांड्यात तबकडी फिरू लागली. बिबीश ओला टॉवेल हातात धरून उभी होती. मध्यावर वाद्यं थांबली. सवयीनं तोरिबियोच्या घशाशी आरोळी आली. तिनं हात वर केला तशी त्यानं ती गिळली. तबकडीतला माणूस बोलला. गिटार सुटली.

"तो नाव सांगतोय," बिबीश म्हणाली.

"कुणाचं?"

"त्याचंच. 'आई, मी बोंपेसे इलोंगा. रेडिओ लावत जा, म्हणजे कळेल मी जिवंत आहे.'"

तोरिबियो भिंतीला टेकला. कागदावरचं त्यानं खिळ्यानं काढलं होतं. उरलेलं तो चाळीस वर्षं दर रविवारी आपल्या तोंडानं बुजवत आला होता.

बिबीशनं तबकडीच्या मधला खरवडलेला कागद पाहिला आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. मी, तो म्हणाला. तिनं टॉवेल दोरीवर टाकला, पुन्हा लाव म्हणाली, आणि त्या मधल्या बोलण्याशी तिचे ओठही हलले. सकाळी ती बोटीनं गेली.

रविवारी गल्ली भरली. त्यानं ते गाणं लावलं. मध्यावर वाद्यं थांबली आणि त्यानं माइकला हात लावला नाही.

म्हातारा विसरला असं लोकांना वाटलं. त्याची लाज राखायला सगळी गल्ली एका आवाजात ओरडली, "तिबुरोन!" कधी नव्हे इतक्या मोठ्यानं. त्याखाली बोंपेसे बुडाला.

तोरिबियोनं सुई उचलून मागं ठेवली. परत तेच. पोरं तर आता हात वर करून ओरडत होती.

"काय रे, माइक मेला का?" शेजारचा चिचो बाटली हलवत म्हणाला. "का तू मेलास?"

"माइक ठीक आहे. जरा गप्प राहा सगळे. त्याला बोलू द्या."

"कुणाला?"

स्पीकरच्या डाव्या कडेला, जिथं ओतिलिया लाकडाला तळहात लावून उभी राहायची, तिथं तोरिबियो वाकला.

"बोंपेसे इलोंगा म्हणतात त्याला," तो हळूच म्हणाला.

मग त्यानं सुई पुन्हा मागं नेऊन ठेवली.