अस्तराची तारीख

डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं, तसा लेकीबरोबर आलेल्या आईनं चष्मा लावून तो कागद आपल्याकडे ओढला. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर काढलेली बाई. माप दुसऱ्याच्या हातात असलं की तिला चैन पडत नसे.

अंडाशयात सुरू झालेला कॅन्सर डाव्या बरगड्यांखाली, प्लीहेपर्यंत पोचला होता. केमोनं गाठी आक्रसल्या होत्या. आता पोट उघडून दिसेल ते सगळं काढायचं, प्लीहेसकट, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं.

“हिच्याशिवाय चालतं?” आईनं चित्रातल्या प्लीहेवर बोट ठेवलं.

“चालतं. पण जंतूंना अडवणारी एक चौकी कमी होते. म्हणून दोन आठवडे आधी लसी घ्यायच्या. आणि पुढे कधीही ताप आला तर घरी वाट बघत बसायचं नाही, तडक इथं यायचं.”

“माझी नात दीड वर्षाची आहे. तिचं नाक बारा महिने तेरा काळ वाहतं.”

डॉक्टर हसल्या. आई हसली नाही. विचार करून सांगते म्हणाली आणि संमतीचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

परतताना रिक्षात लेक आईच्या शेजारी बसली होती. आईचा नियम तिला पाठ होता. दिलेली तारीख चुकवायची नाही. खात्री नसेल तर तारीखच द्यायची नाही. आजार कळल्यापासून आईनं एकही नवं काम घेतलं नव्हतं. वाचनालयातल्या बाई आपल्या वडिलांच्या जुन्या कोटाचं अस्तर बदलून घ्यायला तीनदा येऊन गेल्या. तिन्ही वेळा त्यांना तेच उत्तर मिळालं, तारीख देता येत नाही. आता डॉक्टरांनाही तेच उत्तर मिळणार, अशी लेकीला धास्ती वाटत होती.

घरी पोचताच शेजारच्या मावशींच्या कडेवरून ठमी खाली उतरली आणि दोन्ही हात वर करून आजीकडे धावली. ओठापर्यंत शेंबूड. आईचे हात पुढे झाले, आणि मध्येच थांबले. ठमी तशीच उभी राहिली, हात वर.

मावशी गेल्यावर लेक म्हणाली, “मी तिला पाळणाघरात ठेवीन. तू ऑपरेशन करून घे फक्त.”

“आणि मी काय, पोरीला खिडकीतून बघत बसू? तिला उचलायचं नाही तर जगायचं कशाला, ते नाही विचारलंस डॉक्टरांना.”

लेकीनं ठमीचं नाक पुसलं. पुसून झालं तरी पुसत राहिली.

“ती एकटीच नाहीये, आई. मी पण आहे ना.”

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग ती मशीनवर बसली. चिंध्यांच्या डब्यातून पांढरं सुती कापड काढलं, तिहेरी घडी घातली, चार कोपऱ्यांना चार बंद शिवले. नाकातोंडावर बांधून ती ठमीपुढे वाकली आणि तिला कडेवर घेतलं. ठमीनं लगेच कापडाला हात घातला.

“ओढ, ओढ,” आई म्हणाली. “दुहेरी शिवण आहे, तुझ्या बापाला नाही निघायची.”

संध्याकाळी वाचनालयातल्या बाई तब्येतीची चौकशी करायला आल्या आणि दारातच थबकल्या. कोटाचा विषय त्यांनी काढला नाही, पण पिशवीतून बाही बाहेर डोकावत होती. आईनं हात पुढे करून कोट घेतला, उलटा केला, फाटक्या अस्तरावरून अंगठा फिरवला. मग ठमीला एका हातानं सावरत भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं. दुसरं उलटलं. तिसऱ्यावर खडूनं खूण केली.

“वीस तारखेला या,” ती कापडाआडून म्हणाली. “सर्दी असेल तर मात्र दारातूनच.”