वेंडेल हार्डिग्रीचा लाल ठिपका

हिशेब तसा सरळ होता. वेंडेल हार्डिग्रीने निवडलेला पोरगा यंदा संघात आला, तर मे महिन्यात संपणारा त्याचा करार आणखी दोन वर्षं वाढणार होता. नाही आला, तर सत्तावन्नाव्या वर्षी कंपनीच्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवून घरी बायकोच्या टोमॅटोंना पाणी घालत बसायचं होतं. बायकोने मार्चमध्येच सांगून ठेवलं होतं, की टोमॅटोंना त्याची गरज नाही.

वेंडेल अमेरिकन फुटबॉलच्या एका संघाचा पारखी होता, म्हणजे नवे खेळाडू हेरणारा. दक्षिणेतली तीन राज्यं त्याच्याकडे. बावीस वर्षं तो कॉलेजांची मैदानं पालथी घालत होता, आणि त्याची खरी नजर होती रनिंग बॅकवर, म्हणजे चेंडू काखेत मारून माणसांच्या भिंतीत घुसणाऱ्या धावकावर. एप्रिलात ड्राफ्ट भरला, की बत्तीस संघ पाळीपाळीने सात फेऱ्यांत कॉलेजची पोरं उचलतात. जितकी आधीची फेरी, तितका पोराला पैसा जास्त. कोणाला कोणत्या फेरीत उचलायचं, यासाठीच ही वर्षभराची पायपीट.

वेंडेलची रीत जराशी वेगळी होती. खेळाची टेप लावली, की पहिल्या खेपेला चेंडू कोणाकडे आहे ते तो बघायचाच नाही. "चेंडू हातात असला की कोणीही पळतो," तो म्हणायचा. "मागे कुत्रं लागलं की माझा मेव्हणासुद्धा पळतो. चेंडू दुसऱ्याकडे असताना काय करतो ते बघा."

मिसिसिपीतल्या एका आडगावच्या कॉलेजात त्याला ओझेल ट्रेडवेल सापडला तो असा. चेंडू फेकणाऱ्याच्या अंगावर सव्वाशे किलोचा गडी धावून यायचा, आणि दरवेळी मध्ये ओझेल उभा. न सांगता, न चुकता. चार वर्षांत त्याच्या हातून चेंडू एकदाच निसटला होता, तोही त्यानेच परत उचलला. घड्याळाने मात्र त्याला नापास केलं होतं. चाळीस यार्ड पळायला त्याला इतर पोरांपेक्षा डोळ्याची पापणी लवण्याइतका जास्त वेळ लागायचा, आणि तेवढ्या वेळावर पोरांची नशिबं ठरतात. वेंडेलच्या मते पोरगा चौथ्या फेरीचा होता. बाकीच्यांना तो कुठल्याच फेरीचा वाटत नव्हता, आणि त्यांना तसंच वाटत राहावं अशी वेंडेलची इच्छा होती.

संघाचा जनरल मॅनेजर गार्लंड स्टकी. त्याच्या कचेरीत एक पद्धत होती. भिंतीवरच्या फळ्यावर सगळ्या पोरांच्या नावांच्या पट्ट्या, आणि प्रत्येक पारख्याला वर्षाला एकच लाल ठिपका. ज्याच्यासाठी नोकरी पणाला लावाल, त्याच्या पट्टीवर तो चिकटवायचा. पानंच्या पानं भरलेल्या अहवालांपेक्षा गार्लंडचा विश्वास त्या ठिपक्यावर जास्त होता. वेंडेलच्या ठिपक्यावर तर डोळे मिटून.

घोळ असा, की मागच्या दोन्ही वर्षी वेंडेलने ज्याला ठिपका दिला, त्याला यांची पाळी यायच्या आत शेजाऱ्यांनी उचललं. शेजारी म्हणजे त्यांच्याच गटातला जुना वैरी संघ. आणि गार्लंडचा उजवा हात, रॉइस ॲपलव्हाइट, पूर्वी त्याच शेजाऱ्यांच्या पगारावर होता. पुरावा काही नाही. रॉइस गार्लंडच्या लग्नात करवला म्हणून उभा राहिलेला. त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं तर हातात काहीतरी हवं.

म्हणून यंदा वेंडेलने बावीस वर्षांत पहिल्यांदा खोटा अहवाल लिहिला. डॅलन कर्टराइट नावाचा एका बड्या विद्यापीठाचा धावक होता. केस कमावलेले, पाय चपळ, दात टूथपेस्टच्या जाहिरातीतले. त्याच्यापुढची फळी एवढी तगडी, की तिने पाडलेल्या खिंडारातून ट्रॅक्टर चालवत नेता आला असता. कोणी अंगाला हात लावायच्या आत हा गडी मार चुकवून मैदानाच्या रेषेबाहेर. वेंडेलने त्याच्यावर पाच पानं गोड लिहिली आणि लाल ठिपका त्याच्या पट्टीवर चिकटवला. ओझेलची पट्टी खाली कोपऱ्यात, सहाव्या फेरीच्या अडगळीत राहिली. ठिपक्याचा बनाव गार्लंडच्या कानात हळूच सांगायचा, एवढंच बाकी होतं.

आणि नेमकं तेच जमेना. गार्लंड जेवायला गेला की रॉइस सोबत, गाडीत बसला की रॉइस शेजारी. असा आठवडा गेला आणि शनिवार उजाडला. ड्राफ्टचा शेवटचा दिवस, दुपारी बाराला चौथी फेरी सुरू. खोलीत डोनटचे खोके, ब्रिस्केटचं, म्हणजे भाजलेल्या गोमांसाचं, ताट आणि वीस माणसं.

गार्लंडने बाह्या सरसावल्या. "मंडळी, आपली पाळी सातवी. वेंडेलचा ठिपका उचलायचा. कर्टराइट."

"वा, म्हातारबा!" रॉइसने वेंडेलच्या पाठीत थाप मारली. "यंदा तरी कोणी आधी पळवू नये म्हणजे मिळवलं."

वेंडेलने अर्धा खाल्लेला डोनट खाली ठेवला. पहिलं नाव गेलं, दुसरं गेलं. प्रत्येक संघाला पाचच मिनिटं. तिसरं नाव पुकारलं तेव्हा गार्लंड उठून स्वच्छतागृहाकडे निघाला. वेंडेल त्याच्या मागे गेला आणि आत शिरताच त्याने दाराला पाठ लावली.

"बॉस, कर्टराइट घेऊ नका."

गार्लंड हात धूत होता. त्याने आरशातूनच बघितलं. "का? पाय मोडला?"

"नाही. ठिपका खोटा आहे."

नळ चालूच राहिला. "पुन्हा बोल."

"माझा माणूस ट्रेडवेल. कर्टराइट गळ म्हणून लावला होता. आपल्या खोलीतून बातमी बाहेर जाते बॉस, दोन वर्षं झाली. शेजारी आपल्या आधी..."

"कोण?"

वेंडेलने पाठीमागची कडी चाचपली.

"नाव घे की! धाडस झालंय तर पुरतं कर."

"रॉइस. पुरावा नाही माझ्याकडे."

"पुरावा नाही," गार्लंडने नळ बंद केला. "म्हणजे तू मला पाच पानं थापा वाचायला दिल्यास. मी त्या परवा बायकोला वाचून दाखवल्या, कळतंय का? 'दवासारखे पाय' म्हणे!"

"ते जरा जास्त झालं, बॉस."

"सगळंच जास्त झालंय." त्याने हात विजारीला पुसले. तो चिडलेला होता, पण चिडलेल्या माणसाचा हिशेब थांबत नाही, निदान गार्लंडचा तरी. "बाजूला हो. आणि तोंड उघडू नकोस."

खोलीत शिरताच त्याने मोठ्याने टाळी वाजवली. "ठरलं! कर्टराइटच! आधी कोणी उचलला तर माझं वाटोळं होईल. रॉइस, त्याच्या एजंटचा नंबर काढून ठेव."

"लगेच, बॉस. येताना कॉफी आणतो."

रॉइस गेला. चौथं नाव गेलं. पाचवं गेलं. मग पडद्यावरची पाटी बदलली: सहावी पाळी शेजाऱ्यांनी विकत घेतली होती, पुढच्या वर्षीची एक पाळी देऊन. दोन मिनिटांत नाव पुकारलं गेलं. डॅलन कर्टराइट.

खोलीभर हळहळ पसरली. गार्लंडने टेबलावर मूठ आपटली, नाटकात शोभेल अशी. वेंडेल मात्र खुर्चीत बसला आणि त्याने उरलेला डोनट संपवला.

तेवढ्यात रॉइस आत आला, चेहरा पाडून. "काय नशीब बघा बॉस, पुन्हा!"

"नशीब कसलं," गार्लंड शांतपणे म्हणाला. "कॉफी कुठंय, रॉइस?"

रॉइसने आपल्या हातांकडे पाहिलं. एका हातात फोन होता. दुसऱ्यात काहीच नव्हतं.

त्यापुढे फार बोलणं झालं नाही. खोलीतल्या कोणाला विचारावंही लागलं नाही. दारावरचा रक्षक रॉइसला गाडीपर्यंत सोडून आला.

वेंडेल उत्साहाने उठला. "बॉस, आता ट्रेडवेल. चौथ्या फेरीचाच माल आहे, शपथ घेऊन सांगतो."

"तू आज शपथेवर काही सांगू नकोस," गार्लंड म्हणाला. त्याने एका दांडग्या बचावपटूचं नाव कळवलं. "सकाळपर्यंत तुझ्या शब्दाला चौथ्या फेरीचा भाव होता. आता नाही. सहाव्या फेरीपर्यंत पोरगा उरला, तर घेऊ."

"आणि कोणी आधी नेला तर?"

"तर तू टोमॅटोंना पाणी घाल. तुझ्या बायकोने ईस्टरच्या जेवणात त्या टोमॅटोंचं सगळ्यांना सांगितलंय."

मग ती दुपार. वेंडेलने साठच्या वर नावं ऐकली आणि प्रत्येक नावाला तो थोडाथोडा म्हातारा झाला. पाचव्या फेरीत पुकारणाऱ्याने 'धावक, मिसिसिपी' म्हटलं, तेव्हा त्याने डोळेच मिटले. दुसराच होता, मोठ्या विद्यापीठाचा. ब्रिस्केट गार पडलं. कोणी त्याच्याशी बोलेना, आणि त्याला ते बरंच वाटत होतं.

सहाव्या फेरीत पाळी आली, तेव्हा गार्लंडने काही न बोलता फोनचा रिसीव्हर त्याच्यापुढे सरकवला.

"ओझेल? वेंडेल हार्डिग्री बोलतोय, मी..."

"ओळखलं सर. खताच्या कंपनीची टोपी घालून तीनदा आला होतात ना तुम्ही? आजी म्हणत होती, खतवाला दिसत नाही, बूट फार स्वच्छ आहेत."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, लपून आलाय तर लपू द्यावं."

फोनमध्ये ओझेलच्या मागे कोणीतरी किंचाळलं, पाठोपाठ भांडं पडलं, मग दहा-बारा माणसं एकदम ओरडायला लागली. वेंडेलने रिसीव्हर कानापासून लांब धरला. तो हसत होता आणि नाक पुसत होता. समोरच्या पडद्यावर ओझेल ट्रेडवेलचं नाव लागलं होतं, आणि आता ते कोणी काढू शकत नव्हतं.

सोमवारी गार्लंडने करार पुढे केला. दोन नव्हे, एक वर्ष. "दुसरं वर्ष त्या पाच पानांचं कापलं," तो म्हणाला. वेंडेलने तो पुन्हा वाचायच्या फंदात न पडता सही केली.

तर एकूण जमाखर्च असा. रॉइसची नोकरी गेली. शेजाऱ्यांची पुढच्या वर्षीची एक पाळी गेली, आणि रेषेबाहेर पळणारा एक देखणा गडी त्यांच्या पदरात पडला. त्या गड्याला कधी मिळाला नसता एवढा पैसा मिळाला. वेंडेलचं एक वर्ष गेलं. गार्लंडने काहीच भरलं नाही. उरलेला सगळा खर्च, चौथ्या आणि सहाव्या फेरीतला फरक, म्हणजे सहा लाख डॉलरच्या आसपास, ओझेल ट्रेडवेलने भरला. त्याला ते ठाऊक नव्हतं, आणि त्या शनिवारी सगळ्यांत खूश तोच होता.