न उतरता मारलेली फुली

मी पिशवी बोलतेय. कांदे-बटाटे आणायची नव्हे. आई मेलेल्या कांगारूच्या पिल्लाला ठेवायची पिशवी. आमच्या बेटाचं नावच कांगारू आयलंड, त्यामुळे इथल्या बऱ्याच घरांत माझी एखादी बहीण खुंटीला लटकलेली असते.

मला नेरिडाने शिवलं. ती रस्त्याच्या टोकाच्या घरात राहते आणि अशी अनाथ पिल्लं वाढवते. बाहेरून जुनं तपकिरी ब्लँकेट, आतून कुणाच्या तरी झोपायच्या पायजम्याचं मऊ कापड. शिवण मात्र तिने बाहेरच्या बाजूला ठेवली. आत दोरा असला आणि पिल्लाचं नख त्यात अडकलं, तर पाय कापतो. म्हणून माझे सगळे दोरे जगाला दिसतात आणि चांगली बाजू फक्त पिल्लाला माहीत असते. पर्यटक मला बघून हमखास म्हणतात, "अहो, ही पिशवी उलटी आहे." असू दे. तुमच्यासाठी नाहीच मी.

नेरिडाने मला शेजारच्या क्लेम पेंगिलीला दिलं. त्याने मला आपल्या गाडीत, चालकाच्या सीटमागच्या हुकाला अडकवलं. क्लेमचं वय पंच्याहत्तर. सकाळच्या बोटीने येणाऱ्या पर्यटकांना गाडीत भरायचं, किनाऱ्यावरचे समुद्रसिंह दाखवायचे, झाडावरचे कोआला दाखवायचे, दीपगृहाखालचे सील दाखवायचे आणि संध्याकाळच्या बोटीला परत सोडायचं, हे काम तो चाळीस वर्षं करत होता. चाळीस हा आकडा दिवसातून एकदा तरी त्याच्या तोंडी यायचाच.

त्याच्याकडे आल्यापासून माझ्यात सहा पिल्लं राहून गेली. पिल्लू आधी डोकं खुपसतं, मग आतल्या आत कोलांटी घेतं आणि शेवटी त्याचे मागचे लांबलचक पाय माझ्या तोंडाशी बाहेर येऊन बसतात. त्या कोलांटीने माझ्या पोटात जे होतं ते मला सांगता येत नाही. सहाही जणांनी पहिल्या तासात मला ओलं केलं. माझी तक्रार नव्हती.

आता फुलीचं सांगते. कांगारू दिवेलागणीला रस्त्याकडेचं गवत खायला येतात आणि गाड्यांखाली मरतात. इथला माणूस तसाच पुढे जात नाही. थांबतो, जनावर कडेला ओढतो, मादी असली तर तिच्या पोटावरच्या पिशवीत हात घालून बघतो. पिल्लू असलं तर काढून घेतो. मग स्प्रेच्या डब्याने तिच्या अंगावर मोठी फुली मारतो. फुलीचा अर्थ एकच, बघून झालंय, तुम्ही जा. ज्याच्याकडे जो रंग असेल तो. क्लेमचा हिरवा, होडी रंगवून उरलेला. हिरवी फुली दिसली की लोक गाडीचा वेगसुद्धा कमी करत नसत, इतका त्याचा शब्द चालायचा.

पण त्याचा गुडघा गेला होता. उतरताना दाराला धरून तो आधी दात दाबायचा, मग पाय खाली टाकायचा. त्याची नात टॅम्सिन जनावरांच्या दवाखान्यातलं शिक्षण संपवून अॅडलेडहून परत आली आणि पहिल्याच दिवशी तिने हे पकडलं.

"पॉप, ऑपरेशन करून घे," ती म्हणाली. आजोबांना ती पॉपच म्हणते.

"पुढच्या हिवाळ्यात."

"हे तू मी दहावीत असताना म्हणाला होतास."

"तो हिवाळा बरा नव्हता."

"मग गाडी मी चालवते."

"पर्यटकांना म्हातारा वाटाड्या आवडतो. तुला बघून ते म्हणतील, हिला काय माहीत असणार."

"मला गुडघा वाकवता येतो, एवढं त्यांना कळेल."

क्लेमने यावर तोड काढली. झाडूच्या दांड्याच्या टोकाला रंगाचा डबा बांधला आणि त्याला एक दोरी लावली. दोरी ओढली की रंग उडायचा.

"आळशी माणसाचं यंत्र," टॅम्सिन म्हणाली.

"आळशी माणूस यंत्र बनवत नाही. बघतो मी वाकूनच. रंग तेवढा उभ्याने मारतो."

काही दिवस ते खरंही होतं.

जुलैतला, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यातला मंगळवार. समुद्र खवळलेला, त्यामुळे बोट पाऊण तास उशिरा आली. सात पर्यटक होते. समुद्रसिंहांच्या किनाऱ्यावर वनरक्षकाबरोबरच जाता येतं, आणि ती वेळ चुकली तर मग त्या दिवशी नाहीच. टॅम्सिन नेरिडाच्या कुंपणाच्या दुरुस्तीला गेली होती. क्लेम सारखा घड्याळ बघत होता.

नाल्याच्या वळणावर एक कांगारू पडलेली होती. काळसर, मोठी, कूस वळवून निजल्यासारखी.

"थांबायला हवं ना?" पिवळा रेनकोट घातलेली एक बाई म्हणाली. "तुम्हीच मघाशी सांगितलंत."

"थांबलोच की." क्लेमने ब्रेक मारला, दार उघडलं, एक पाय पायरीवर ठेवला. मग तो पाय हळूच परत आत घेतला. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि बाहेर एवढी थंडी. "नर आहे तो. खांदे बघा केवढे. चाळीस वर्षं हेच करतोय, लांबून कळतं मला."

त्याने बसल्या जागेवरून दांडा बाहेर काढला आणि दोरी ओढली. एक तिरकी रेघ, तिच्यावर दुसरी.

"आता मागच्या कुणाला थांबायला नको," तो म्हणाला.

"किती छान पद्धत आहे तुमची," बाई म्हणाली आणि तिने ते वहीत लिहून घेतलं.

मी हुकावर होते. काच माझ्या समोर होती. त्या पोटावरची लव हलली. वाऱ्याने सगळी लव एका बाजूला पडते, तशी नव्हे. एकाच जागी, आतून ढकलल्यासारखी. मला तोंड आहे, पण ते नुसतं उघडं राहतं. गाडी निघाली.

त्या दिवसाचा पुढचा भाग फार छान गेला, हेच मला सहन होत नाही. समुद्रसिंह वाळूत लोळत होते. कोआला झोपलेला होता. तो नेहमी झोपलेलाच असतो, तरी सातजणांनी त्याचे शंभर फोटो काढले. मुंग्या शोधत एक काटेरी एकिडना रस्ता ओलांडून गेला आणि सगळे हळू आवाजात बोलू लागले. परतताना रेनकोटवाली बाई सांगत होती की समुद्रसिंहांची आई तीन-तीन दिवस खोल समुद्रात शिकारीला जाते, पिल्लू वाळूत एकटं वाट बघतं आणि ती आल्यावर हाक मारून त्याला शोधते.

"आणि पिल्लू ओळखतं का?" कुणीतरी विचारलं.

"हजारांत ओळखतं," क्लेम म्हणाला. नाल्याचं वळण आलं तेव्हाही तो तेच सांगत होता. त्याला शंका आली होती की नाही, मला माहीत नाही. मान मात्र त्याने त्या बाजूला वळवली नाही.

बुधवारी टॅम्सिन गाडी घेऊन टायर बदलायला गावात गेली. इथले लोक समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतात. वळणावरची हिरवी फुली दिसल्यावर तिने फुलीलाही बोट उचललं.

"शाबास, म्हाताऱ्या," ती पुटपुटली. "गुडघा घेऊन उतरलास तर."

आमच्या मागून पोस्टाची गाडी गेली, शाळेची बस गेली, मेंढ्यांचा ट्रक गेला. सगळे भले लोक. एकही थांबला नाही, कारण भला माणूस आधीच थांबून गेला आहे, असं तिथे हिरव्या रंगात लिहिलेलं होतं. संध्याकाळी आम्ही त्याच रस्त्याने परत आलो. रात्रभर पाऊस पडला.

गुरुवारी सकाळी क्लेमचा गुडघा सुजला, म्हणून बोटीवरचे पर्यटक आणायला टॅम्सिन निघाली. वळणावर दोन कावळे होते. ते मेलेल्या जनावराला चोच मारत नव्हते. पोटाच्या पिशवीच्या तोंडाशी बसून आत बघत होते.

टॅम्सिनने गाडी भर रस्त्यात उभी केली.

पिल्लाने आईचं स्तन तोंडात घट्ट धरलेलं होतं. ते ओढून सोडवायचं नसतं, पिल्लाचं तोंड फाटतं. टॅम्सिनने कात्रीने ते कापलं, पिल्लाला माझ्यात घातलं आणि मला स्वतःच्या स्वेटरच्या आत, पोटाशी धरलं. कोलांटी नाही. मी वाट बघत होते, पण त्याने ती घेतली नाही. ठेवलं तसंच राहिलं. आधीच्या सहाही जणांची ऊब मला आठवत होती. याला माझी ऊब लागत होती, आणि माझी स्वतःची अशी ऊब नसते.

बोटीने आलेले लोक धक्क्यावर तासभर बसून राहिले. बसू देत.

नेरिडाने पिल्लू बघितलं आणि दुधाची बाटली बाजूला ठेवली. "आधी ऊब," ती म्हणाली. "गार पोटात दूध गेलं की संपलं." तिने गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून माझ्याखाली ठेवली. "कुठे सापडलं?"

"नाल्याच्या वळणावर."

"तिथली बघून झाली होती ना? मी परवा संध्याकाळी फुली पाहिली."

"मी काल पाहिली. जाताना आणि येताना."

नेरिडाचा हात जागीच थांबला. फुलीचा रंग दोघींनीही एकमेकींना विचारला नाही.

साडेअकराला पिल्लाने माझ्या काठाचा ब्लँकेटचा कोपरा तोंडात घेतला आणि एकदा चोखला. माझ्यात दूध असतं तर. थोड्या वेळाने त्याने पाय ताणले, ते माझ्या तळाला टेकले, आणि मग त्यांत काही उरलं नाही. नेरिडाने हात घालून बघितलं आणि तसाच आत ठेवून ती बराच वेळ बसून राहिली.

संध्याकाळी टॅम्सिनने मला धुतलं आणि क्लेमच्या स्वयंपाकघरात शेगडीजवळच्या खुर्चीवर वाळत टाकलं. क्लेम पाय स्टुलावर ठेवून बसला होता. त्याने मला ओली पाहिली आणि सूपच्या वाटीत चमचा ठेवला.

"पॉप, मंगळवारी तू वळणावर उतरला होतास का?"

"चाळीस वर्षं मी या रस्त्याला..."

"मी वर्षं विचारली नाहीत."

"उतरलो होतो."

मला वाटलं होतं ती ओरडेल. ती खुर्ची ओढून समोर बसली.

"तू वाकलास, पिशवीत हात घातलास, आणि हाताला काही लागलं नाही?"

"हो."

"मग मला आज नीट शिकव. कारण मला बघायचं तूच शिकवलंयस. तुझ्या हाताला हे सुटत असेल, तर माझ्या हातालाही सुटलं असणार. मी आजवर बघून सोडलेल्या सगळ्या आता मला आठवाव्या लागतील."

क्लेमने चमचा उचलून सूप ढवळलं. एवढं झाल्यावर तरी माणसाने बोलावं. मला त्याचा राग आला, तो गुडघ्यासाठी नव्हे. दुखतंय म्हणायला लाज वाटते, आणि ती लाज राखायला नातीला स्वतःच्या हातांवर संशय घ्यायला लावायचं, याचा. टॅम्सिन उठली, तिने सूप सिंकमध्ये ओतलं आणि ती झोपायला गेली. शुक्रवारी दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

आमच्याकडे घरांत, शेतांवर, गाड्यांमध्ये, सगळ्यांचा वायरलेस एकाच चॅनलवर असतो. सकाळी साडेसातला लोक त्यावर रस्त्यांची खबर देतात. कुठे झाड पडलंय, कुणाच्या मेंढ्या सुटल्यात. शनिवारी खबर संपल्यावर क्लेमने माइक उचलला. टॅम्सिन त्याच खोलीत टोस्टला लोणी लावत होती.

"क्लेम बोलतोय. नाल्याच्या वळणावरची हिरवी फुली माझी. मी उतरलो नव्हतो. मादी होती, आणि पिल्लू होतं." माइकची खरखर ऐकू येत होती. "या हिवाळ्यात आणखी तीन ठिकाणी उतरलो नव्हतो. जुन्या दगडखाणीपाशी. लेव्हीच्या शेताच्या फाटकासमोर. आणि विमानतळाच्या रस्त्यावर. ते नर होते असं मी तेव्हा म्हणालो. मला माहीत नाही."

त्या तिन्ही वेळी मी गाडीत होते. तो नर म्हणाला आणि मीही ते मानलं. तिथे काही हललं होतं का, हे मी बघितलंच नाही. हे ओझं माझं मला पुरतं.

वायरलेसवर नेरिडाचा आवाज आला. "ऐकलं, क्लेम."

टॅम्सिनने सुरी खाली ठेवली. "दोन दिवस लागले तुला," ती म्हणाली. "पिल्लालाही दोनच मिळाले होते."

आता या बेटावर फुलीवर कुणी विसंबत नाही. फुली दिसली तरी गाडी थांबते, माणूस उतरतो, हात घालतो, आणि आपली फुली वर मारतो. परवा दीपगृहाच्या रस्त्यावर एका कांगारूवर चार फुल्या होत्या. पांढरी, केशरी, निळी आणि एक कुणीतरी खडूने काढलेली. पर्यटकांना वाटतं, ही इथली काही रीत असेल. ते फोटो काढतात.

गाडी टॅम्सिन चालवते. क्लेम शेजारी बसतो. ऑपरेशनची तारीख त्याला मिळाली आहे. प्रत्येक ठिकाणी तो उतरतो, आणि त्याला उतरायला चार मिनिटं लागतात. टॅम्सिन इंजिन बंद करते आणि वाट बघते. तिला वाट बघणं जमत नाही, तिची बोटं स्टिअरिंगवर वाजत राहतात, पण ती हात द्यायला जात नाही आणि तो मागत नाही. वाकून आधी तो बघतो. मग तो बाजूला झाल्यावर ती बघते. तो तिच्या हाताकडे बघत उभा राहतो. अजून तरी त्या दोघांमध्ये एवढंच उरलं आहे.

मी हुकावर आहे. त्या गुरुवारनंतर माझ्यात कुणी आलेलं नाही. धुऊन धुऊन पायजम्याचं कापड विरलं आहे. नेरिडा म्हणते की नवी शिवून देते, आणि टॅम्सिन म्हणते, "राहू दे हीच."

तुम्ही कधी इथे आलात, तर समुद्रसिंह जरूर बघा. कोआला बघा, सील बघा, हवे तेवढे फोटो काढा. पण रस्त्याच्या कडेला कुणी पडलेली दिसली आणि तिच्यावर फुली असली, तरी चालकाला थांबायला सांगा. तो म्हणेल, बघून झालंय. बोट चुकेल, हेही सांगेल. त्याचं वय, त्याची वर्षं, त्याचा अनुभव, सगळं ऐकून घ्या, आणि मग दार उघडून खाली उतरा.