फ्रीजमधले खडे

रायपूर राजधानी झाली आणि चौकाचौकांत सोनोग्राफीची दुकानं निघाली. त्यातल्याच एकात आमच्या ह्यांच्या, म्हणजे रत्नाकररावांच्या, पित्ताशयात खडे सापडले. डॉक्टरांनी दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीख दिली. ह्यांनी ती टाळली. रेल्वेत तीस वर्षं सिग्नल पाळले, पण डॉक्टरांचं ऐकणं जमेना!

मग प्रयोग सुरू झाले. पाच दिवस सफरचंदाचा रस, सहाव्या दिवशी लिंबू पिळून वाटीभर ऑलिव्ह तेल. सातव्या सकाळी संडासातून वाटाण्याएवढे सतरा हिरवे गोळे निघाले. ते गाळायला माझी पिठाची चाळणी नेली होती. ती मी फेकूनच दिली. ह्यांनी गोळे धुऊन लोणच्याच्या बरणीत घातले आणि बरणी फ्रीजमध्ये, ताकाशेजारी!

"खडे काय नासतात? फ्रीजमध्ये काहून?" मी विचारलं.

"बाहेर नरम पडून राहिले."

मी डोक्याला हात लावला. खडे नरम पडतात आणि ह्या माणसाला काहीच शंका येत नाही!

मे महिन्यात ह्यांचे दोस्त अनंतराव आले. त्यांचंही ह्याच खड्यांचं ऑपरेशन सोमवारी होतं. लगेच बरणी व्हरांड्यातल्या टेबलावर आली.

"पाहा, सतरा निघाले! मले काही झालं? कापाकापी काहून करता?"

अनंतराव ऑपरेशन रद्द करतो म्हणाले आणि तेल आणायला निघालेसुद्धा. मी फाटकापर्यंत ओरडत गेले, पण माझं ऐकतो कोण?

त्याच दुपारी जेवण झालं आणि ह्यांच्या उजव्या बरगडीखाली कळ उठली. बनियन घामानं चिंब झालं.

"चित्रा, बरणी आण," म्हणाले, जणू खडे मोजले की कळ थांबणार होती.

बरणी व्हरांड्यातच राहिली होती. त्या उन्हात सगळे गोळे वितळून तळाशी हिरवं तेल साचलं होतं. मी झाकण काढून बरणी ह्यांच्या नाकाशी धरली.

"जे पेले तेच निघालं. खडे अंदरच हायेत."

दोन महिने साठवलेलं सगळं मी बोलणार होते. पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि मलाच भीती वाटली. रिक्षा आणायला उठले, तर ह्यांनी माझा पदर धरला.

"थांब. पयले अनंतरावले फोन लाव. तेल पिऊ नका म्हण. अन् सांग, रत्नाकर येडा हाय."

मी फोन लावला. पहिलं एकदा सांगितलं, दुसरं दोनदा.