पिसुपोचा मूळ अर्थ

आमचे हे कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, आणि सगळं गाव यांचं ऐकतं. अशा माणसाबरोबर एकतीस वर्षं काढलीत मी. आता बोलून काय उपयोग, पण बोलते.

हे म्हणजे सेउली, आमच्या गावाचे वक्ते. सवाई बेटाच्या या किनाऱ्यावर यांच्या तोडीचा बोलणारा नाही. लग्न असो, मयत असो, कुणाला सरदारकीची पदवी द्यायची असो, पाहुण्यांच्या वक्त्यासमोर आपला वक्ता मैदानात उभा राहतो. अनवाणी, हातात काठी, खांद्यावर चवरी. उभं राहण्याला मान आहे. बसून काय, कुणीही बडबडेल. त्यात यांना शब्दांची भारी खोड. कुणी एक शब्द इकडचा तिकडे वापरला की भर जेवणात त्याचा कान धरणार. पाद्रीसाहेबांनासुद्धा प्रार्थना थांबवून सुधारलंय.

आणि याच माणसाच्या उजव्या अंगठ्याला मार्चमध्ये जखम झाली ती जूनपर्यंत भरेना. नर्स आतालीनाने पाय बघितला, रक्त तपासलं, दाब मोजला आणि तोंडावर सांगितलं की साखर वाढलीय, दाबही वाढलाय, तीन महिन्यांत खाणं बदललं नाही तर अंगठा जाईल, आणि अंगठ्यावरच थांबेल असं नाही. सप्टेंबरात माझ्या नणंदेच्या मुलाला पदवी मिळायची होती. त्या दिवशी मैदानात उभं कोण राहणार?

आतालीनाने बंद करायच्या गोष्टींची यादी लिहून दिली. कोकोतली साखर बंद, नारळाच्या दुधातले गोड पाव बंद, पिसुपो बंद. पहिल्या दोन गोष्टी यांनी सोडल्या. बिनसाखरेचा कोको प्यायचे तेव्हा माझ्याकडे असं बघायचे की कोकोच्या बिया मीच कडू केल्यात. पण प्यायचे. पिसुपोचं मात्र नाव काढू देईनात.

पिसुपो म्हणजे लाल डब्यातलं खारवलेलं गोमांस. चमच्याने उकरून खाल्लं की चरबी ओठांना चिकटून बसते. ते आमच्याकडे नुसतं खाणं नाही. लग्नाला पेट्या, मयताला पेट्या, गावसभेने दंड केला तर तोही पेट्यांतच. पाहुण्यांनी डबा फोडून पुढे केला आणि वक्त्याने चमचा लावला नाही, तर तो पाहुण्यांचा अपमान, असं म्हणून यांनी त्या तिसऱ्या ओळीला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. मी कपाळावर हात मारून घेतला. मग म्हटलं, थांबा, वाटाणेच ना? दाखवते.

माझी आजी सांगायची, पहिल्यांदा गोऱ्यांच्या जहाजातून डबे उतरले तेव्हा त्यांत वाटाण्याचं सूप होतं. त्यांच्या भाषेत पी सूप. आपल्या लोकांच्या तोंडी त्याचं पिसुपो झालं. पुढे डब्यांत गोमांस यायला लागलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त त्याचा काही उपयोग असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

रुताच्या दुकानात वाटाण्याची डाळ धूळ खात पडली होती. ती आणली, कांदा आणि अळूची पानं घालून शिजवली, मिठाला हात लावला नाही. रिकामा लाल डबा घासून त्यात ओतली आणि चमचा खोचून यांच्यापुढे ठेवली.

"हे काय?"

"पिसुपो."

"हे वाटाणे आहेत, फेतू."

"मग पिसुपो म्हणजे काय, ते तुम्ही सांगा. शब्दांचे मालक तुम्ही."

यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. ज्याने जन्मभर लोकांना शब्दांची मुळं शिकवली, तो स्वतःच्या बायकोसमोर मूळ नाकारणार कसा? डबा रिकामा करून निमूटपणे उठून गेले. मी मनातल्या मनात नाचले.

तिथेच गप्प बसले असते तर तो माझा नवरा कसला? बायकोने हरवलं हे मान्य करण्यापेक्षा सगळं गाव चुकतंय हे सिद्ध करणं या माणसाला सोपं वाटलं. सोमवारी गावसभेत लंगडत उभे राहिले आणि तासभर बोलले. शंभर वर्षं आपण वाटाण्याच्या नावाने गाय खातोय, हा भाषेचा अपमान आहे, पूर्वजांचा अपमान आहे, वाटाण्याचाही अपमान आहे. यांच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. सभेने तिथल्या तिथे कायदा केला. यापुढे गावात पिसुपो म्हणजे वाटाण्याचं सूप. गोमांसाला कुणी पिसुपो म्हटलं तर एक पेटी दंड.

कशाची पेटी, असं कुणीतरी विचारलं. "पिसुपोची, दुसरं कशाची," असं गावचे सगळ्यात थोरले सरदार बोलून गेले, आणि पहिला दंड त्यांनाच झाला. पिसुपो संध्याकाळपर्यंत पोचता करतो म्हणाले, दुसरी पेटी. अहो, पण पिसुपोला पिसुपो नाही तर काय म्हणू, तिसरी आणि चौथी. शेवटी त्यांच्या बायकोने त्यांना हाताला धरून घरी नेलं.

दंडाच्या पेट्या सभासदांत वाटायचा रिवाज आहे. म्हणजे गोमांस सोडावं म्हणून मी जो उपद्व्याप केला, त्यातून तीन आठवड्यांत माझ्या घरी गोमांसाच्या अकरा पेट्या आल्या. ठेवू कुठे? चटईखाली मांडल्या आणि त्यांवर मी झोपायला लागले. हे येता-जाता माझ्या अंथरुणाकडे ज्या प्रेमाने बघायचे, तसं लग्नाच्या वेळीही बघितलं नव्हतं.

गोमांसाला नवं नाव द्यायचं मात्र सभेला सुचलंच नाही. लोक 'ते' म्हणायला लागले. मग 'ते' म्हणजे नेमकं कुठलं ते, यावरून भांडणं. रुताने दुकानाबाहेर गायीचं चित्र टांगलं आणि गिऱ्हाईक नुसतं बोट दाखवायला लागलं. एक म्हातारी तर यायची आणि म्हणायची, मी जे मागत नाहीये ते दे.

त्यात पाद्रीसाहेब आले. त्यांना भाजलेलं डुक्कर जीव की प्राण, पण पित्ताने हैराण. डुकराचंही काही मूळ निघतं का बघा, म्हणाले. डुकराला कसलं डोंबलाचं मूळ? पण हे चाळीस मिनिटं बोलले आणि डुक्कर म्हणजे भट्टीत भाजलेली कच्ची पपई असं ठरलं. मग रीघच लागली. कुणाला गोड पाव सोसत नव्हता, तर गोड पाव म्हणजे उकडलेलं हिरवं केळं झालं. आमच्या घराची पायरी झिजायची वेळ आली. रविवारी पाद्रीसाहेब डोळे मिटून डुकराबद्दल, पिसुपोबद्दल आणि गोड पावाबद्दल देवाचे आभार मानायचे, आणि आम्ही आमेन म्हणून पपई, वाटाणे आणि केळी खायचो.

ऑगस्टमध्ये आतालीना तपासणीला आली. निम्म्या गावाचं वजन उतरलेलं, दाब खाली आलेला. तिने वही काढली आणि एकेकाला विचारलं, काय खाता? कायदा मोडायची कुणाची छाती? डुक्कर, पिसुपो आणि गोड पाव, असं सगळ्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. बिचारीने वही मिटली आणि माझ्याकडे पाणी मागितलं.

पण यांचा अंगठा बघून तिने दोनदा दाबून खात्री केली. जखम भरली होती. वर कोवळी गुलाबी कातडी आली होती. सप्टेंबरला दोन आठवडे होते. मी घराच्या मागे जाऊन रडून घेतलं आणि परत येऊन डाळ भिजत घातली.

पदवीच्या दिवशी पाहुण्यांचे ट्रक आले. त्यांचे वक्ते फुआतई. वीस वर्षं या दोघांची जुगलबंदी बघायला दहा गावांची माणसं जमतात. मी लाल डबा वाटाण्यांनी भरून झग्याच्या आड धरून तयार होते. त्यांनी गोमांसाचा डबा पुढे केला की हळूच बदलायचा, असं माझं ठरलं होतं.

ट्रकमधून आधी एक खुर्ची उतरवली. मग चार माणसांनी फुआतईंना उचलून तिच्यात बसवलं. उजव्या गुडघ्याखाली लुंगी रिकामी होती.

आम्हाला कुणी काही कळवलं नव्हतं. फुआतई खुर्चीतूनच बोलले. आवाज तोच, पल्लेदार, पण जमलेले सगळे त्यांच्या डोक्याच्या वरून, जिथे पूर्वी त्यांचा चेहरा असायचा तिथे बघत होते. शेवटी त्यांनी आहेर सांगितला, "आमच्या गावाकडून शंभर पेट्या पिसुपो."

दंड मागायला आमच्यातल्या कुणी तोंड उघडलं नाही. त्यांच्या माणसाने एक डबा फोडला, चमचा खोचला आणि तो यांच्यापुढे धरला. मी पुढे झाले. यांनी त्या माणसाच्या हातातला डबा घेतला नाही. माझ्या हातातला घेतला, उघड उघड, आणि मैदान ओलांडून फुआतईंच्या हातात नेऊन दिला.

"आमच्याकडचा पिसुपो," हे म्हणाले.

दोन गावांसमोर पाहुण्याला वाटाणे. लढाया याहून लहान कारणांवरून झाल्यात. फुआतईंनी पहिला घास तोंडात घेतला, थांबले, डब्यात बघितलं. मग यांच्या अंगठ्याकडे बघितलं, त्या गुलाबी कातडीकडे. आणि खायला लागले. सावकाश, तळाला चमचा खरवडेपर्यंत.

"सेउली," ते इतक्या हळू म्हणाले की जवळच्यांनाच ऐकू गेलं, "हा अर्थ दोन वर्षांपूर्वी मला कुणी का नाही सांगितला?"

यांनी रिकामा डबा त्यांच्या हातातून घेतला.

आता उत्तराचं भाषण. हे परत आपल्या जागी येतील, काठी रोवतील, ताठ उभे राहतील. याच क्षणासाठी मी तीन महिने वाटाणे शिजवले, गोमांसाच्या पेट्यांवर पाठ मोडून घेतली, गावाची भाषा उलटीपालटी झालेली सोसली. यांनी काठी गवतावर आडवी ठेवली आणि फुआतईंच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसकण मारली. सगळं भाषण बसून केलं. शंभर पेट्या पिसुपोचे आभार मानले, स्वतःच्या कायद्याविरुद्ध, मोठ्याने, दोनदा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बसायचंच होतं तर मला आधी सांगायचं. मी भांडायच्या तयारीने यांच्याकडे बघितलं. हे ऐसपैस मांडी घालून बसले होते आणि मांडीखालून पावलं डोकावत होती. दोन्ही होती.