ब्रेकची पेटी

“माझ्याकडचं झालं!” कारच्या आतून ऑर्लिनने नेहमीच्या खणखणीत आवाजात आरोळी दिली, आणि नेमक्या त्याच क्षणी, मोटरहोमच्या, म्हणजे त्यांच्या फिरत्या घराच्या, पोटातल्या सामानाच्या कप्प्यात चाकांना लावायचे लाकडी ठोकळे ठेवायला वाकलेल्या जोनेलच्या हाताला, जुन्या सतरंजीत गुंडाळलेली ब्रेकची पेटी लागली.

ती पेटी तिथे असणे शक्यच नव्हते. घर रस्त्याला लागायचे म्हणजे पेटीची जागा एकच : मागून ओढत न्यायच्या कारमध्ये, चालकाच्या पायांशी. पेटीचा लोखंडी हात कारच्या ब्रेकला जखडायचा. पुढे मोटरहोमने वेग कमी केला की पेटी मागे आपोआप कारचा ब्रेक दाबते. पेटी नसेल तर कार ही कार राहत नाही. उतारावर पाठीत रेटा देणारे ते नुसते ओझे होते.

जोनेलने दोरीची गाठ सोडली. सतरंजीच्या घड्यांत धूळ बसली होती, आणि ती एका दिवसाची नव्हती.

लिंकन शहरातले घर विकून ही नवरा-बायको या चाकांवरच्या घरात राहायला आली, तेव्हापासून गाडी जोडण्याच्या कामाची त्यांनी रेघ मारल्यासारखी वाटणी केली होती. बाहेरचे सारे तिचे. जोडदांड्याच्या खिळी, दांड्याखालून एकमेकींना छेदून नेलेल्या साखळ्या, दिव्यांची वायर. आणि कार तुटून वेगळी झालीच तर पेटीला जागे करणारी ती बारीक तार. आतले सारे त्याचे. गिअर मोकळा करणे, चावी ठेवणे, पेटी बसवणे. आपापले काम आटोपले की ज्याने त्याने “माझ्याकडचं झालं” असे ओरडायचे, आणि दुसऱ्याने त्यावर फिरून नजर टाकायची नाही. अशा फिरत्या घरांत राहणाऱ्या मंडळींत दुसऱ्याचे काम पुन्हा तपासणे हा अविश्वास समजला जातो, आणि जोडणी चालू असताना बोलणे हा तर गुन्हाच. दोन्ही नियम जोनेल मनापासून पाळत आली होती.

तिने पेटी उचलली, चांगली जड होती, आणि कारच्या दारासमोर खडीवर आदळली.

“ऑर्लिन, बाहेर ये.”

“अगं, मागे जाऊन दिवे बघ ना. मी पुढे जाऊन डावा दिवा लावतो.”

“बाहेर ये म्हटलं.”

“जोडणी चालू असताना बोलायचं नाही, ठरलंय आपलं.”

“जोडणी चालू असेल तर ना!”

ऑर्लिन बाहेर आला. पेटीकडे पाहिले, मग टोपी काढून टोपीच्या आत पाहिले, जणू उत्तर तिथे लिहून ठेवले असावे.

“ही होय? आज राहिली बघ. विसरलोच.”

“सतरंजीत गुंडाळून, दोरीची दुहेरी गाठ मारून, खुर्च्यांच्या मागे सरकवून विसरलास? विसरावं तर तुझ्यासारखं नीटनेटकं!”

“तू आता उगाच—”

“कधीपासून?”

तो टोपीची कड चाचपू लागला.

“ऑर्लिन, कधीपासून?”

“चाकांतून धूर निघाला ना, तेव्हापासून.”

तो दिवस तिला लख्ख आठवत होता. वसंतात, मिझुरीत, ऑर्लिनने पेटीचा जोर भलताच वाढवून ठेवला होता. पेटीने कारचे ब्रेक वाटभर आवळून धरले आणि चाकांतून धूर निघू लागला. मागून आलेल्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवून, खिडकीतून हात बाहेर काढून, सगळ्या रस्त्यासमोर त्याची शोभा केली होती. पेटीचा जोर कमी करायला एक बटण फिरवावे लागते. बटण कसे फिरवायचे हे कुणाला विचारावे लागले असते. ते ऑर्लिनला जमले नाही. त्याऐवजी त्याने पेटीच गाडून टाकली.

“म्हणजे तेव्हापासून रोज सकाळी ‘झालं’ म्हणून ओरडत होतास, ते काय झालं होतं?”

“गिअर मोकळा झालेला असायचा. चावी असायची. अगदीच खोटं नव्हतं ते.”

“अर्धं खरं! आणि मी रोज ती तार ओढून बघत होते, नीट बसलीय ना म्हणून. तिच्या दुसऱ्या टोकाला काय होतं? काही नाही! माझ्या हातांकडूनसुद्धा खोटं बोलवून घेतलंस तू.”

“जोनेल, हे घर बारा टनांचं आहे. मागे कार आहे हे मला चालवताना कळतसुद्धा नाही.”

“तुला कळत नाही हे मला काल दिसलं. आज त्याचं कारण कळलं.”

कालचा प्रसंग आता दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. बफेलो गाव सोडून डोंगर चढताना मध्येच एक लांब उतार लागतो. त्याच्या तळाशी रस्त्याचे काम चालू होते, आणि ‘थांबा’ अशी पाटी हातात धरून एक पन्नाशीची बाई उभी होती. पाटी लांबूनच दिसली होती. घर थांबले ते पाटीच्या पुढे जाऊन; बाई पाटी टाकून चरात उडी मारून वाचली होती. चरातून वर येताना तिने दिलेल्या शिव्या जोनेलने मुकाट्याने ऐकल्या, कारण तोवर ऑर्लिनने निकाल देऊन टाकला होता : “तू किंचाळलीस म्हणून माझा पाय सटकला.” जोनेलने खिडकीतून त्या बाईची माफी मागितली. मग नवऱ्याची मागितली.

एवढ्यावर भागले नव्हते. संध्याकाळी, तळावरच्या शेकोटीभोवती सगळे तिखट चिलीच्या रश्शाचे वाडगे मांडीवर घेऊन बसले असताना, ऑर्लिनने तो किस्सा रंगवून सांगितला. “आमच्या घराला दोन भोंगे आहेत, एक कंपनीने बसवलेला आणि एक मी लग्न करून आणलेला.” माणसे पोट धरून हसली. जोनेलही हसली होती. हे शेवटचे तिच्या मनाला सगळ्यांत जास्त झोंबले.

“पाटी दिसल्यावर तू ब्रेक कधी दाबलास?” तिने विचारले. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच ऑर्लिन दचकला.

“तू ओरडलीस, आणि—”

“ओरडायच्या आधी की नंतर?”

ऑर्लिन पायाने खडी सारखी करू लागला.

“आधी दाबलास. दाबलास आणि घर थांबेना. कार मागून रेटत होती. तुला त्याच क्षणी कळलं होतं का थांबत नाही ते. तरी माझ्यावर खापर फोडलंस. रात्रभर मी मनाशी म्हणत पडले होते, माझ्या तोंडानं आज एक बाई मेली असती. आणि तू शेजारी घोरत होतास!”

“कुणाला काही झालं का? नाही ना? मग झालं तर. बसवतो पेटी. आत्ता बसवतो. मिटलं?”

“मिटलं? ऑर्लिन, पेटी ही यातली लहान गोष्ट आहे.”

शेजारच्या जागेवरून हॉबर्ट कॉफीचा पेला घेऊन डुलत डुलत आला. हॉबर्ट आणि त्याची बायको मर्लीन यांचेही तसलेच फिरते घर होते, आणि त्यांनाही आज टेन स्लीप नावाच्या घळीतूनच उतरायचे होते.

“काय रे ऑर्लिन, आज सकाळी सकाळीच भोंगा?”

“हॉबर्ट, थांबा जरा,” जोनेल म्हणाली. “ऑर्लिनला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. कालच्या पाटीबद्दल.”

तिने नवऱ्याकडे पाहिले. अजूनही वेळ गेली नव्हती. चार सरळ वाक्ये बोलला असता तर तिने कदाचित तिथेच पेटी उचलून त्याच्या हातात दिली असती. ऑर्लिनने टोपी डोक्यावर चढवली आणि हसला.

“काही नाही रे. एक पेटी बसवायची राहिली होती. बायको आहे म्हणून लक्ष तरी राहतं! नाहीतर आपण पुरुष म्हणजे काय, बैल.”

“तू बैल, मी घोडा,” म्हणत हॉबर्ट हसत परत गेला.

जोनेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात असती तर दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेतले असते. पण या घराला दुसरी खोली नव्हती, आणि निजायच्या जागेला दाराऐवजी पडदा होता. माणसाला रागवायलासुद्धा जागा लागते, हे घर विकताना दोघांपैकी कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

तिने रबरी हातोडा घेतला. ताणाखाली अडकलेली पहिली खीळ एका घावात सुटली. दुसरीला तीन लागले, कारण तिने ते जोराऐवजी रागाने घातले.

“हे काय चाललंय? अगं, पेटी बसवतोय ना मी!”

“बसव किंवा नको बसवूस. कार मी घेऊन उतरते.”

“लोक काय म्हणतील?”

“तूच सांग त्यांना. तुला गोष्टी छान सांगता येतात.”

साखळ्या तिने सोडल्या. तार सोडली. दांडा दुमडून मोटरहोमच्या पाठीशी अडकवला, कुठलीही पायरी न चुकवता, कारण रागाच्या भरात काम बिघडवणे हा तिच्या लेखी दुसऱ्या प्रकारचा खोटेपणा होता. मग कारमध्ये बसून काच खाली केली.

“पुढे तू.”

“तू जा ना पुढे. मी येतो मागून हळूहळू.”

“बारा टन घेऊन माझ्या पाठीशी तू नकोस. पुढे हो.”

घळीचा रस्ता कड्याच्या कुशीतून वळसे घेत खाली जातो. जोनेलने चांगले अंतर राखले होते. समोर आपले घर, पडदे, मागच्या शिडीला बांधलेल्या दोन सायकली, सगळे एका माणसाच्या पायावर विसंबून उतरत होते; आणि आयुष्यात प्रथमच ती ते बाहेरून पाहत होती. ऑर्लिन चांगला उतरत होता. खालच्या गिअरमध्ये, ब्रेक थोडा दाबून, सोडून, पुन्हा दाबून. इतके चांगले येते या माणसाला, हे पाहून तिचा राग कमी होण्याऐवजी वाढला. येत नसते, तर निदान क्षमा तरी करता आली असती.

मध्यावर, गाड्यांना विसावा घेण्यासाठी रस्ता रुंद केला आहे तिथे, मोटरहोम बाजूला थांबले. ऑर्लिन उतरून तिच्या खिडकीपाशी आला. वाऱ्याने टोपी उडेल म्हणून त्याने ती हातात धरली होती.

“मागे कार नसली की घर कसं थांबतं ते आत्ता कळलं,” तो म्हणाला. “विसरूनच गेलो होतो गं.”

तिने इंजिन बंद केले.

“पाटी मला लांबून दिसली होती. मी ब्रेक दाबला, पूर्ण दाबला, आणि थांबेना. तू त्यानंतर ओरडलीस. तू ओरडलीस म्हणून त्या बाईचं लक्ष गेलं असेल. म्हणून ती उडी मारू शकली.”

“मला माहीत आहे ते. मला कशाला सांगतोस?”

तेवढ्यात वरून हॉबर्टचे घर आले. रस्त्याकडेला थांबलेले ओळखीचे घर पाहून न थांबता पुढे जाणे या लोकांत बसत नाही. हॉबर्ट उतरला, मागोमाग मर्लीन.

“काय झालं? ब्रेक तापले का?”

ऑर्लिनने एकदा दरीकडे पाहिले. मग तो वळला आणि सगळे सांगितले : धूर, सतरंजी, रोजची आरोळी, पाटीवाली बाई, आणि शेकोटीपाशी बायकोच्या नावावर मिळवलेले हशे. एकही विनोद केला नाही. हॉबर्ट दोनदा हसायच्या बेताला आला. मर्लीनने कोपराने त्याला गप्प केले.

“तू ती पेटी वापरतच नव्हतास?” हॉबर्ट शेवटी म्हणाला. “अरे, काल मी तुझ्या पुढे होतो. त्या उतारावर, त्या पाटीशी, मी आधी थांबलो होतो. तिथून जरा उशिरा निघालो असतो तर माझ्या पाठीत घुसला असतास तू.”

“हो,” ऑर्लिन म्हणाला.

हॉबर्ट बायकोला घेऊन निघून गेला, आणि जाताना हात हलवला नाही.

ऑर्लिन पुन्हा खिडकीशी आला. चेहरा उतरला होता, पण त्यावर सुटकेची एक छटाही होती. बोलून टाकले, आता हिशेब चुकता, असे मानणाऱ्या माणसाची.

“सांगितलं,” तो म्हणाला. “सगळं सांगितलं. आता जोडायची का? पेटी मी बसवतो, बटण तू फिरव.”

“इथे? उतारावर?” जोनेल म्हणाली. “उतारावर कधी कुणी जोडतं का? सपाट जागा लागते, दोन्ही गाड्या एका रेषेत लागतात. खाली गावात बघू.”

“म्हणजे खाली जोडू?”

“बघू म्हटलं. आणि रस्त्याचं काम अजून चालू असेल. संध्याकाळी मी ही गाडी घेऊन परत वर जाणार आहे, त्या बाईकडे. मी तिची माफी मागितली होती. ती मागायची कुणी होती, हे तिला कळायला हवं.”

“मी येतो.”

“चालत येणार असशील तर ये,” ती म्हणाली. मग क्षणभर थांबून शेजारच्या आसनावरची पिशवी उचलून मागे टाकली. तो त्या रिकाम्या आसनाकडे बघू लागला, तेव्हा म्हणाली, “संध्याकाळी. आत्ता नाही. आत्ता पुढे हो.”