ओढ्यावरचं अस्वल

कॉलेजच्या कागदावर माझ्या इंटर्नशिपचा प्रकार ‘पर्यावरण, मैदानी काम’ असा होता. वर्गातल्या बाकीच्यांना बेटं, डोंगर, कासवं असलं काय काय मिळालं. मला मिळाली एक न उघडणारी खिडकी, एक संगणक आणि जंगलातल्या कॅमेऱ्यांनी काढलेले ढीगभर फोटो. तक्रार नव्हती. त्या दिवसांत माझी कशाबद्दलच तक्रार नव्हती. कोणी समुद्रात ढकललं असतं तरी मी फार तर बूट काढून ठेवले असते.

जंगलातले ते कॅमेरे माझे बाबा सांभाळायचे. बॅटऱ्या बदलायचे, भरलेली मेमरी कार्डं संस्थेत आणून द्यायचे. हिवाळ्यात एके दिवशी ते संस्थेच्या फाटकापाशीच कोसळले आणि गेले. त्यांनी शेवटच्या काही महिन्यांत आणलेली कार्डं तशीच पडून होती. संस्थेच्या प्रमुख मॅडमनी ती माझ्यापुढे ठेवली आणि जरा घुटमळून विचारलं, “जमेल ना तुला?”

“न जमायला काय झालं?” मी म्हटलं.

काम डोकं बाजूला ठेवून करता येईल असंच होतं. प्रोग्रॅम आधी स्वतःच फोटोंची वाटणी करायचा : प्राणी, माणूस, रिकामा. वाऱ्याने गवत हललं तरी कॅमेरा फोटो काढतो, त्यामुळे बहुतेक रिकामेच. प्रोग्रॅमच्या चुका मी सुधारायच्या आणि शेवटी रिकामे नि माणसांचे फोटो पुसून टाकायचे. जंगलात कोण कोणाबरोबर हिंडतं, याच्याशी संस्थेला काही देणंघेणं नव्हतं.

घरी आई जेवताना एकच प्रश्न विचारायची. “त्यांना काही त्रास होत होता का गं? तुला काही बोलले होते?”

“नाही गं.”

मग ती स्वतःचीच समजूत घालायची. “एका क्षणात गेले. त्यांनाही कळलं नसेल. कळलं असतं तर मला सांगितलंच असतं.” या एका वाक्याच्या आधारावर ती उभी होती. मी मान डोलवून पुढचा घास घ्यायचे. बाबांना पोचवलं त्या दिवशीही मी रडले नव्हते. ‘पोरगी दगड आहे,’ असं मावशी मला ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजली होती. तिचं काही चुकलं नव्हतं.

एका सकाळी मॅडम धावतच आल्या. “अगं, ओढ्यावरच्या कॅमेऱ्यात अस्वल आलंय, असं प्रोग्रॅम म्हणतोय! इकडे कधीच दिसलं नव्हतं. आणि दर महिन्याला जास्तच वेळ थांबतंय. तू आधी नीट बघून घे, मग आपण नाचू.”

मी पहिला फोटो उघडला. पहाटेचा अंधूक उजेड, ओली पानं आणि चार पायांवर चाललेलं काळं, केसाळ काहीतरी. पाठ बघताक्षणी ओळखली. लहानपणी त्याच पाठीवर बसून मी घोडा घोडा करत घरभर फिरले होते.

बॅटरी बदलली की कॅमेरा जनावराच्या उंचीवर बसलाय ना, हे बघायला त्याच्यासमोरून रांगत जावं लागतं. बाबा घरी ते करून दाखवायचे आणि आई ओरडायची, “पुरे, गुडघे फुटतील.” अंगात तिनेच विणलेला जाडजूड काळा स्वेटर. प्रोग्रॅमला तरी काय बोलणार?

पहिल्या महिन्यात ते रांगले आणि उठून निघून गेले. पुढच्या खेपेला रांगून झाल्यावर तिथेच थांबले. त्याच्या पुढच्या खेपेला ओणवेच, मान खाली, फोटोमागून फोटो. शेवटच्या कार्डात ते झाडाला टेकून बसले होते, एक हात छातीवर, तोंड उघडं. उजेड वाढत गेला, सावली सरकली, बाबा तिथेच. मग एका फोटोत त्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि एक गोळी जिभेखाली ठेवली. ती पट्टी आमच्या घरात कोणी पाहिली नव्हती.

आता रडू येईल म्हणून मी वाट पाहिली. आलं नाही. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पीं पीं ऐकत बसले. राग तेवढा आला, तोही पुसट. कॅमेऱ्याला कळू दिलंत बाबा, आणि आम्हाला नाही.

मॅडम दारातून डोकावल्या. “काय गं, अस्वलच ना?”

“नाही. बाबा आहेत.”

त्या शेजारी येऊन बसल्या. सगळे फोटो पाहिले. नाचायचं राहूनच गेलं. “तुला हवे तर ठेव,” त्या हळूच म्हणाल्या. “नियमाचं मी बघते.”

पहिला तेवढा मी फोनमध्ये घेतला. बाकीच्यांवरचं ‘अस्वल’ एकेक करून खोडलं आणि ‘माणूस’ लिहिलं. नक्की पुसायचे का, असं प्रोग्रॅमने विचारलं. मी हो म्हटलं.

संध्याकाळी आई भांडी विसळत होती. मी फोन तिच्यासमोर धरला. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि किती तरी दिवसांनी हसली. “अगं बाई, काय हे ध्यान!”

मग तिने बोटांनी फोटो मोठा केला. “कोपराला उसवलाय बघ. एका शब्दाने बोलले नाहीत. सांगितलं असतं तर दिला नसता का मी विणून?”

ती अजून फोटोकडेच बघत होती.

“आणखी असतील ना गं? याच्या पुढचे?”

“पुढचे रिकामे आहेत,” मी म्हटलं.

आईने फोनवरून नजर वर केली. “मग रडतेस कशाला?”